चव्वेचाळीस नंबरचा कोट

माझ्या कपाटात, फायलींच्या मागे,
एक तपकिरी कोट टांगलेला असायचा.
दुलूथमध्ये चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून
सहा डॉलरला आणलेला.
कोपरं विरलेली, आतल्या खिशावर
कुणा अनोळख्याची आद्याक्षरं.

तुरुंगातून माणूस येतो तो नारिंगी कपड्यांत.
त्या रंगात बारा जणांना माणूस दिसत नाही,
निकाल दिसतो.
म्हणून आधी कोट. कायदा मागाहून.

एकोणतीस वर्षं.
कुणाला बाह्या लांब, कुणाचं पोटावर बटण लागेना.
लेस्टर दफोला मात्र बेतून शिवल्यासारखा बसला.
काचेच्या दारात स्वतःला बघत म्हणाला,
"बँकेत कर्ज मागायला आल्यासारखा दिसतोय."
"मग तसाच बस," मी म्हटलं, "आणि हात टेबलावर."

खिशांत काय काय सापडायचं.
पेपरमिंटचा कागद. कुणाच्या मुलीने काढलेला
तीन पायांचा कुत्रा.
एकदा चिठ्ठी, पुढच्या माणसासाठी:
खुर्चीचा डावा पाय डुगडुगतो.
हलू नकोस, घाबरलास असं वाटतं.
ती मी काढली नाही.

लोक विचारतात.
दाताचा डॉक्टर माझ्या तोंडात यंत्र घालून विचारतो.
सौनामध्ये शेजारीण घाम निथळत विचारते:
इर्या, असल्यांची बाजू घेववते तरी कशी?
पहिल्या वर्षी मी राज्यघटना सांगायचे.
दहाव्या वर्षी म्हणायचे, पगार मिळतो.
हल्ली म्हणते, दगडांवर पाणी टाक गं,
गार पडलंय.

लेस्टर मार्चमध्ये सुटला. संशयाचा फायदा.
सरोवरावर अजून बर्फ होतं.
पायरीवर उभा राहून कोट काढायला लागला.
राहू दे, म्हटलं, बसला वीस मिनिटं आहेत.
त्याने केलं होतं का?
मला माहीत नाही.
म्हणजे, थोडंसं माहीत आहे.

नोव्हेंबरात टेबलावर नवी फाइल.
अशील एव्हरेट कोस्की, वय बावीस.
दारूच्या दुकानामागे मारामारी, एक चाकू.
मुद्देमाल क्रमांक नऊ: पारदर्शक पिशवी,
आत तपकिरी काहीतरी, वाळून कडक झालेलं.
दुसरं बटण काळ्या दोऱ्याने शिवलेलं.
तपकिरी दोरा संपला होता त्या दिवशी,
माझ्याकडचा.
यादीत लिहिलं होतं: मयताचा कोट.

त्याच दुपारी न्यायाधीशांना कळवलं,
मयत माझा जुना अशील,
हा खटला मला चालवता येणार नाही.
फाइल खालच्या मजल्यावर गेली,
आनिका ब्रुसोकडे. नोकरीचं दुसरं वर्ष तिचं.
रात्री पूल वर गेला. जहाजाने भोंगा दिला,
पुलाने उत्तर दिलं.
मी मोजत होते, मध्येच आकडा विसरले.

शनिवारी पुन्हा त्याच दुकानात.
राखाडी. आठ डॉलर. महागाई.

जानेवारीत आनिका दारात उभी.
"सोमवारी ज्युरी बसतेय. कोस्कीकडे घालायला काही नाही.
तुमच्याकडे म्हणे एक कोट असतो."

उठायला मला जरा वेळ लागला.
गुडघे, दुसरं काही नाही.
खिसे तपासले. रिकामे.
एक कागद फाडला, लिहिलं,
खुर्चीचा डावा पाय डुगडुगतो,
आणि घडी करून आत सरकवला.
"बाह्या लांब होतील त्याला," मी म्हटलं,
"आतून दुमडून दे."