लांडग्याचा दुसरा खेळ

एकतीस वर्षं मी कुजबुजते आहे.
आइसलँडमध्ये प्रॉम्प्टरला म्हणतातच तसं, कुजबुजणारी.
उजव्या विंगेत, शिडीखाली, तिपाईवर,
मांडीवर घोंगडी,
कपाळाला बॅटरी,
हरवलेल्या मेंढ्या शोधायला जाताना लावतो तशी.

हा हॉल म्हणजे मासळी खारवायची जुनी वखार.
हीटर तापला की भिंतींना अजून खारट घाम फुटतो,
आणि दुःखाच्या प्रवेशात लोकांना वाटतं
आपणच रडलो की काय.

मार्चमधला शनिवार. घाट बर्फानं बंद.
म्हणजे पाहुणे नाहीत, परीक्षक नाहीत, सगळे घरचेच.
एकशे बारा वस्ती, त्यातले सत्तावीस नाटकात,
एक दीपगृहावर, दोघे रुसलेले,
उरलेले खुर्च्यांवर.

दुपारी दोनला मुलांचा खेळ.
बेर्गस्वेन लांडगा.
एरवी तो बोटींची इंजिनं खोलतो,
नखांतलं तेल लांडग्याला शोभून दिसतं.
अंगात कुणाच्या तरी आजीचा फरकोट, उलटा,
शेपूट म्हणून दोरखंडाचा सुटलेला पीळ.
तो दार ठोठावतो, आणि पोरं खुर्च्यांवर चढून
घसा फाटेस्तोवर ओरडतात,
उघडू नका! दार उघडू नका!
त्या खेळाला मला काम नसतं.
लांडगा चुकला तर पोरंच सांगतात त्याला
आता कुणाला खायचं ते.

रात्री आठला मोठ्यांचा.
दार तेच, वरची फुलं पुसून टाकलेली.
बेर्गस्वेन तोच, आता नवरा.
हातात सुटकेस, काळा सूट,
कॉलरवर चिकटलेला एक करडा केस
फक्त मला दिसणारा.
बायको स्टेनव्होर, बँकेतली.
मध्ये टेबल, टेबलावर दोन कप,
त्यातला एक भरलेला.

नाटक निवडलं तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं.
तिचा खरा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला,
सुटकेसही न घेता,
सकाळच्या बोटीनं, सगळ्या गावासमोर.
भूमिका तिनंच मागून घेतली.

तर तो उठतो. सुटकेस उचलतो.
हॉलमध्ये खोकलासुद्धा नाही.
आणि तिसऱ्या रांगेत, कोटांच्या ढिगाऱ्याखालून,
झोपलीय असं समजून जिला तिथंच ठेवलं होतं
ती दाग्नी, स्टेनव्होरची, पाच वर्षांची,
उभी राहून ओरडते,
लांडगा! आई, तो आतच आहे!

हसू फुटलं.
मग अर्ध्यातच थांबलं,
एकेकाच्या तोंडावर, वेगवेगळ्या जागी.

मी पानावर बोट ठेवलं. पान कोरडं.
तिच्यासाठी माझ्याकडे एक शब्द नव्हता.
बेर्गस्वेननं माझ्याकडे पाहिलं,
बुडणारा माणूस काठीकडे पाहतो तसं.
स्टेनव्होरनं पाहिलं नाही.
ती अंधाराकडे वळून म्हणाली,
माहीत आहे, राणी. निघालाय तो आता.

तो गेला. संहितेत दार आपटायचं होतं,
त्यानं ते हलकेच ओढून घेतलं.
आणि पलीकडून, अगदी बारीक,
दुपारच्यासारखं एकदा गुरगुरला.
कोटांमधून खुदकन हसू आलं.

पुढे तिचं स्वगत, दीड पान, ढसाढसा रडण्याचं.
पहिला शब्द मी ओठांवर आणून ठेवला.
तिनं भरलेला कप घेतला,
थंड कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली,
कप पालथा घातला.
पडदेवाला खुणेनं विचारत होता, ओढू?
मी बॅटरी विझवली.

रविवारी दाग्नीला शेजारी ठेवलं होतं.
सगळं संहितेबरहुकूम चाललं.
दार आपटलं. भिंती घामेजल्या.
स्वगताच्या चौथ्या ओळीला स्टेनव्होर अडली,
मी कुजबुजले, नेहमीसारखं, फक्त तिलाच ऐकू जाईल इतकं.
माहीत आहे, ती म्हणाली,
मोठ्यानं,
आणि तरी ती ओळ म्हणाली नाही.