घरापासून तेवीस किलोमीटर

पाणी मागायला येतात ते.
घट्ट चड्ड्या, नाकावर पांढरं मलम,
हँडलला अडकवलेला नकाशा.
पुढचं गाव किती लांब, विचारतात
आणि त्यांच्या बाटल्या नळाखाली धरून
मी सांगत आलेय एकोणीस वर्षं:
पॉपलरच्या रांगेनंतर डावीकडे वळा,
चढ कुठेच नाही, वारा तेवढा समोरून.

सगळं ऐकीव.
एल्बच्या काठानं मी स्वतः
साखर कारखान्याच्या चिमणीपुढे
गेले नव्हते कधी.

"जनाची नाही तर मनाची तरी," गेझिनं म्हणाली,
आणि मे महिन्यातल्या एका मंगळवारी निघालो.
तिची सायकल बॅटरीवर,
माझी गुडघ्यांवर.

चिमणी मागे पडली तेव्हा
काही झालं नाही.
तेच तपकिरी पाणी, बांधावर तीच मेंढरं,
पाटीवरचं तेच निळं अक्षर.
फक्त कुत्री आता आमच्यावर भुंकत होती.

तेविसाव्या किलोमीटरला तर.
तिला इंजिन नाही,
तारेला बांधलेली, जरा तिरकी धरली
की नदीच नेते पलीकडे.
त्याचे दोन युरो मात्र नावाडी घेतो.

पलीकडे आमच्या बाटल्या रिकाम्या.
नोआक नावाच्या म्हाताऱ्याचं फाटक वाजवलं,
पाणी मागितलं.
त्याच्या खुराड्याचं दार हिरवं,
कडीच्या जागी वाकवलेला चमचा.

वडिलांनी असाच वाकवला होता एक.
पुरात आमचं खुराडं गेलं
अकरा कोंबड्यांसकट.
पण त्या काळी चमचे
सगळेच वाकवत.

"हे दार कुठलं?"
"नदीनं आणलं. हवंय परत?"
"नको. कोंबड्या?"
"कोंबड्या नाही आल्या," तो म्हणाला
आणि बराच वेळ टोपी चाचपत राहिला.

वर्तमानपत्रात गुंडाळून दोन अंडी दिली त्यानं.
येताना वारा समोरूनच होता
(जातानाही समोरूनच होता, तेवढं मी खरं सांगत होते).
एक अंडं वाटेत फुटलं.

आज सकाळी एक डच जोडपं नळाशी.
म्हटलं, पॉपलर केव्हाच तोडलेत.
सरळ जा. डावीकडे अजिबात वळू नका,
तिथं कुणाचातरी गोठा आहे.

एकोणीस वर्षं
किती जणांना मी त्या गोठ्यात धाडलं असेल!
आणि एकही
भांडायला परत आला नाही.