परतीची तारीख

हीउमा बेटावर फेरीतून उतरले,
बंदराच्या कचेरीत हेल्वेनं आधी कॉफी दिली
आणि मग तक्रार.
नावा रांगेत राहत नाहीत म्हणे.
एकनंतर दहा, दहानंतर शंभर,
आणि दोन बिचारा कुठे तळाशी.

ते सोपं निघालं.
आकडे अक्षरं म्हणून साठवले होते,
यंत्र फक्त पहिला अंक बघून पंगत बसवत होतं.
रकान्याचा प्रकार बदलला,
दोन मुकाट्यानं एकशेजारी येऊन बसला.

मग नावांच्या नावांचं.
इथल्या मुळाक्षरांत झेड येतो एसच्या पाठोपाठ,
शेवटी येतात ती डोक्यावर दोन टिंबं घेतलेली अक्षरं.
कुणीतरी भाषा इंग्रजी ठेवलेली.
ती बदलली, डेटाबेस आवळला, पुन्हा उघडला.

तरीही.
क्वेरी एकटी उघडली की शहाण्यासारखी,
फॉर्ममधून उघडली की पुन्हा तेच,
जणू सासरी वेगळं बोलणारी लेक.
दुपार तिच्यामागे गेली.
खिडकीबाहेर कुणी जाळं ठीक करत होतं, तेही संपवून गेलं.

साडेतीनला गुणधर्मांच्या यादीत
एक ओळ सापडली, फॉर्मची स्वतःची:
क्रम लावा – परतीची तारीख.
उघडताना लागू करा – होय.
क्वेरी काहीही म्हणो, शेवटचा शब्द हिचा.

"हे एंडेलचं," हेल्वे म्हणाली.
दोन वर्षांपूर्वीपर्यंत ही खुर्ची त्याची.
चढत्या क्रमात कोरे रकाने सगळ्यात वर येतात.
रोज सकाळी फॉर्म उघडला की
आधी दिसायच्या त्या अकरा,
ज्यांच्यापुढे तारीखच नाही.

हेल्वे पडद्यावर बोट टेकवत गेली.
ही फिनलंडला विकली, लिहायचं राहिलं.
ही कुजली होती, सेंट जॉनच्या रात्री
पोरांनी शेकोटीत घातली, छान जळली डांबरामुळे.
ही, ही दोन्ही एंडेलचा आळस.
सत्तेचाळीस नंबरवर बोट थांबलं.
"हिच्यावर त्याचा भाऊ होता,"
आणि ती कप विसळायला उठली.

मी ओळ पुसली. होयचं नाही केलं.
एक, दो­न, तीन, चार;
इतकं सरळ की बघवेना.

हेल्वे हात पुसत आली, उभ्यानंच
माऊसचं उजवं बटण दाबलं, रकाना निवडला,
अकराच्या अकरा वर आल्या.
"उद्या लक्षात ठेवील का हे?"
नाही, म्हटलं, आता नाही ठेवणार.
रोज हातानं लावावं लागेल.
"लावीन की," ती म्हणाली,
आणि बिलावर कुणाचं नाव घालायचं ते विचारलं.