मागची खोली

जांभळी नाक्यावर माझं झेरॉक्सचं दुकान.
मागच्या खोलीला लोखंडी दार, वीतभर जाड.
ते काढायला तिघे आले.
चहा घेतला, दारावर थाप मारली, गेले.
आत कागदाची रिमं ठेवतो. कोरडी राहतात.

इथे बँकेची शाखा होती, बेचाळीसपर्यंत.
ठाण्यावर बॉम्ब पडलाच नाही.
पडलं रंगून,
आणि बँकेचा पैसा तिकडच्या भातगिरण्यांत.
हे इथे कुणालाच ठाऊक नव्हतं,
काउंटरवरच्या टिपणीसांनासुद्धा.

ब्लॅकआउटचा काळा कागद काचांवर.
आतलं काही दिसेना,
म्हणून बाहेर गर्दी वाढत गेली.
चेंदणीची हिराबाय टोपलीसकट रांगेत;
बोंबील रांगेतच खपले,
नंबर काही लागला नाही.

तिसऱ्या दिवशी टिपणीसांनी
तिला बाजूला बोलावून
एकेचाळीस रुपये सहा आणे मोजले.
गल्ला तेव्हा रिकामा होता.
चौथ्या दिवशी दार उघडलं नाही.

परवा तिचा पणतू आला, पासबुकाची कॉपी काढायला.
शेवटच्या ओळीत रक्कम, पुढे ‘अदा’,
तिरकी सही. शिक्का नाही.
म्हणजे बँकेच्या लेखी
पैसे अजून हिराबायचेच.

‘दावा लावता येईल का हो?’
‘कुणावर?’ मी म्हटलं.
तो हसला. मग हसायचा थांबला.

मशीनचा हिरवट उजेड
पानाखालून सरकत गेला.
दोन प्रती काढल्या, पैसे एकीचेच घेतले.
दुसरी मागच्या खोलीत आहे.