बुकिंग नंबर सात

चिकलठाण्याच्या शेडमध्ये एकोणीस गाड्या
हेडलाइटविना उभ्या,
खोबणीतून नुसत्या वायरी लोंबतात.
पोळ्याच्या आदल्या दिवशी पुण्याहून खोकं आलं,
काचा भलत्याच मापाच्या निघाल्या.

दर सोमवारी अंबाजोगाईहून फोन :
गुणाजी खंदारे, एसटीचे रिटायर ड्रायव्हर.
आधी चिडायचे.
मग नुसतं "कधी?"
आता म्हणतात, "जेवलीस का माय?"

आज मीच म्हटलं, थांबा जरा.
रझाकमामूंनी टेस्टिंगच्या गाडीला किक मारली,
मी फोन इंजिनापाशी धरला.

पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग हळूच,
"टॅपेट वाजायलंय की थोडं."

मामूंनी कान लावला,
काही न बोलता पाना उचलला.
फळ्यावरची तारीख
मी तळहातानंच पुसली.