आभाराचा ठराव

डिसेंबरची एकतीस, माटुंग्याचं संघटनेचं ऑफिस,
खुर्च्या रचून झाल्या, पुढ्यात कोरा कागद.
'सर्वांचे मनःपूर्वक आभार' एवढं लिहिलं
आणि खोडलं. ते दरवर्षीचंच.

मुकादम, तुम्ही दर रविवारी माझगावच्या त्या चाळीत
गॅलरीच्या स्लॅबवर हातोडी वाजवत हिंडलात,
डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतो तशी, कान देऊन.
तिसऱ्या मजल्यावर आवाज बदलला.
पोकळ.
तुम्ही काही बोलला नाहीत.
कठड्याजवळची कोरफडीची कुंडी उचलून
फक्त आत नेऊन ठेवलीत.

हेमलताताई, वर्गणीचा हिशेब सात रुपयांनी चुकला
म्हणून तुमचा फोन, रात्री साडेदहाला.
सापडले. झेरॉक्सचे होते.

लोबो, निवृत्तीला अकरा वर्षं होऊनही
पोरांच्या ड्रॉइंगवर तुमची लाल पेन्सिल फिरते.
फी म्हणून बिनसाखरेचा चहा मागता,
तो नेहमी गोडच येतो
आणि तुम्ही पिता.

देणगीदारांची यादी टाइप झाली आहे.
पण ज्या बाईंनी आम्हाला स्टूल दिलं
आणि वरचं प्लास्टर तपासून होईपर्यंत
ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं,
त्यांचं नाव विचारायचं राहिलं.

ती गॅलरी आता टेकूंवर उभी आहे.
खालून सायकलवाला पाववाला जातो, घंटी वाजवत.
पेपरात काही आलं नाही.
हे अहवालाच्या कुठल्या रकान्यात लिहू?

तूर्त एवढंच:
दुरुस्ती संपली की ती कुंडी
परत बाहेर ठेवायची आहे.
कोण कोण येताय?