तारा लावताना

मिरजेहून तंबोऱ्याची तार आणली तेव्हा
बाबालाल शिकलगार हसला : "गाणार हाय व्हय हे?"
वरच्या-खालच्या पंखांमधे ताणून बसवली,
नखानं छेडली.
डावी उतरलेली, उजवी चढलेली.
अर्धा आटा पिळला, मग दोन्हीकडून एकच बोलली.
जुळलं की सरळ उडतं,
गाण्यातलं मला एवढंच कळतं.

दिवसभर उद्यमनगरात पंपाचे शाफ्ट कातायचे,
रात्री शटर अर्धं ओढून बाल्साच्या फासळ्या.
लोखंडाची सवय बोटांना,
पहिल्याच आठवड्यात अकरा मोडल्या.

कापड म्हणून लग्नातला फेटा उलगडला.
डोप मारलं, वर खाकी रंग.
तरी उन्हाला धरलं की पंख आतून गुलाबी दिसतो.
बायको म्हणाली, "तेवढं तरी राहिलं."

लोक विचारतात, हेच विमान का?
नकाशा पुण्याच्या एकानं दिला,
विमान मात्र आमच्या घरातलंच आहे.
पणजोबा रावजी चौगुले, मराठा पलटण,
कूतच्या वेढ्यात अडकलेले.
घोड्याचं मटण नको म्हणून गवत उकडून खाल्लेलं.
एक दिवस आभाळात हे दुपाखी आलं,
पिठाची पोती टाकली,
आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती नदीत गेली.
"पाणी पांढरं झालं बघ," सांगायचे,
"नदी जेवली.
वरचा सायेब आंधळा हुता."
आजही ताटात कुणी भाकरीचा तुकडा टाकला
की आई म्हणते, जेवली नदी.

चिखलीच्या माळावर, रविवारी, सकाळी सात.
पोटाखाली फडक्याची पुरचुंडी,
मूठभर जोंधळ्याचं पीठ.
बाबालालनं शेपूट धरलं, सोडलं.
दोन उसळ्या, आणि चाकं गवतावरून सुटली.
वळवलं. तारा वाऱ्यात गुणगुणत होत्या,
तो सूर मी कारखान्यात लावला नव्हता.
खाली गमछा अंथरलेला, टेबलाएवढा.
आता, म्हटलं, आणि अंगठा दाबला.

वारा पंचगंगेकडं.
पुरचुंडी तिरकी गेली, तिरकीच जात राहिली.
पाण्यावर एक पांढरा ठिपका,
मग तोही नाही.

इथं गोळी नाही, उपाशी पलटण नाही,
हातात रिमोट, पोटात दोन वडे.
तरी चुकलं.
शंभर वर्षं ज्याला आंधळा म्हणत आलो
त्याचा अंगठा पहिल्यांदा माझ्या अंगठ्यात दुखला.

विमान उतरवलं. चाकात कुसळं.
बाबालाल बराच वेळ नदीकडं बघत होता.
मग म्हणाला, "दुसरी पुरचुंडी हाय का?"
"हाय."
"मग थांब. वारा पडू दे."